कचेरीच्या कमानी कोणाच्या?

तालुक्याच्या गावातली इंग्रजी अमदानीतली तहसील कचेरी पाडून तिथे नवी प्रशासकीय इमारत बांधायची, असा प्रस्ताव आला की विदर्भात कुठेही वाद ठरलेल्या दोन वाटांनीच जातो. एक बाजू म्हणते, ही गुलामगिरीची खूण आहे, जमीनदोस्त करा. दुसरी म्हणते, इंग्रजांसारखं बांधकाम आता होणे नाही, हात लावू नका. आमच्या तालुक्यात सध्या हेच चालू आहे. पानठेल्यावर, बाजार समितीच्या ओट्यावर, नगरपंचायतीच्या सभेत, सगळीकडे तीच दोन वाक्यं ऐकू येतात. मला दोन्ही बाजू पटत नाहीत, कारण दोघांनीही त्या इमारतीकडे नीट पाहिलेलं नाही. माझं म्हणणं सरळ आहे. ती इमारत सुंदर आहे आणि तिचं कौतुक संकोच न ठेवता करावं. ते कौतुक ज्यांनी ती हातांनी घडवली त्यांच्या पदरात घालावं. आणि ती संग्रहालय वगैरे न करता कचेरी म्हणूनच चालू ठेवावी.

आधी इमारत पाहू. तिच्यावर बोलणारे लोक वर्षानुवर्षं तिच्या पडवीत उभे राहतात, पण फेरफार, सातबारा आणि पीककर्जाच्या कागदांच्या चिंतेत मान वर करून पाहायची फुरसत कोणाला असते? जोतं कमरेइतकं उंच, घडीव काळ्या दगडाचं. दगडांमधली दरज इतकी बारीक की आतला चुना शोधावा लागतो. सकाळचं तिरपं ऊन पडलं की प्रत्येक दगडावर टाकीचे घाव उमटून दिसतात. एका दगडावर ते उभे आहेत, शेजारच्यावर किंचित कलते. म्हणजे दोन वेगळे हात, दोन वेगळ्या सवयी. दर्शनी बाजूला सात कमानी, मधली जरा रुंद. कमानीचा प्रत्येक दगड पाचरीसारखा घडवलेला, त्यामुळे वरून भार आला की दगड निसटत नाहीत, उलट एकमेकांना आणखी घट्ट धरतात. कळीचा दगड, म्हणजे कमानीच्या माथ्यावरचा, बसेपर्यंत सगळा डोलारा लाकडी साच्यावर असतो, आणि साचा काढतात त्या दिवशी मिस्तरीची परीक्षा होते. आत गेलं की छत पार उंच. सागवानाच्या कैच्या, म्हणजे छत पेलणाऱ्या तिकोनी चौकटी, त्यांचे सांधे एकात एक बसवून लाकडी खुंट्यांनी आवळलेले. भिंतीच्या वरच्या अंगाला छोट्या झरोक्यांची ओळ. पश्चिमेची पडवी बाकी तिन्ही बाजूंपेक्षा खोल, कारण आपल्याकडचं दुपारचं ऊन भिंतीला शिवू द्यायचं नाही, हे बांधणाऱ्याला ठाऊक होतं. आणि मोठ्या दाराच्या चौकटीवर सुताराने कोरलेली एक वेलबुट्टी आहे. महसुलाच्या कामाला तिचा काडीचा उपयोग नाही. कोणी मागितली असेल असंही वाटत नाही. मला त्या इमारतीत ती सगळ्यात जास्त आवडते.

यातलं काहीही आपोआप झालेलं नाही. चुनखडीचे खडे भट्टीत भाजायचे, पाणी मारून चुना फोडायचा, तो हौदात मुरू द्यायचा, मग वाळू आणि विटांचा बारीक चुरा, म्हणजे सुरखी, मिसळून बैलाच्या घाण्यात तासन् तास दळायचा. कुठे त्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घालत, कुठे हिरड्याचं. असा चुना सिमेंटसारखा चार तासांत घट्ट होत नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत वर्षानुवर्षं हळूहळू पुन्हा दगड होत जातो. बारीक भेग पडली आणि पावसाचं पाणी आत गेलं तर त्या पाण्यात विरघळलेला चुना भेगेतच परत जमतो आणि ती पुष्कळदा आपली आपण भरून निघते. ज्या मुलखात जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते, तिथे थोडं हलू देणारी भिंतच टिकते. काळ्या मातीचा हा स्वभाव आपल्या लोकांना पुस्तकातून कळला नव्हता. म्हणून तर वावर काळीत आणि गाव पांढरीवर, म्हणजे पांढऱ्या मातीवर, ही रीत पडली. जुनी कचेरीही पांढरीच्या उंचवट्यावर आहे. नव्या इमारतीसाठी पर्यायी जागा म्हणून जी दाखवली जाते ती गावाबाहेरच्या काळ्या रानात आहे. तिथल्या पाच-सात वर्षांच्या शासकीय निवासस्थानांच्या भिंतींवरच्या तिरप्या भेगा कोणीही जाऊन पाहाव्यात.

आता विरोधी बाजू. गुलामगिरीची खूण म्हणणाऱ्यांचा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. माझी तक्रार उलटी आहे: तो जितक्या ताकदीने मांडायला हवा तितका ते मांडत नाहीत. तिसरे रघूजी भोसले डिसेंबर 1853 मध्ये वारले आणि औरस वारस नाही या सबबीवर गव्हर्नर जनरल डलहौसीने नागपूरचं राज्य गिळलं. वाड्यातले हत्ती-घोडे आणि दागदागिने लिलावात काढले. त्याच 1853 साली निजामाकडच्या थकबाकीपोटी वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आलं. पुढे 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या मातीवर खिळली. 1870 मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा आला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो हजर होता. रेल्वे कोणासाठी आली हे सांगायला नको. या कचेऱ्या शेतसारा गोळा करायला उभ्या राहिल्या. 1899-1900 च्या दुष्काळात वऱ्हाडातली माणसं मूठभर दाण्यासाठी सरकारी कामांवर खडी फोडत होती. आणि कमरेइतकं उंच जोतं, त्यावरच्या पायऱ्या, वर टेबलामागे बसलेला साहेब, या रचनेमागे कास्तकाराने खालून वर पाहावं हाही हेतू होताच. ज्या वर्ध्यात कलेक्टर कचेरी होती त्याच जिल्ह्यात 1936 मध्ये गांधीजी शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला गेले आणि माती, बांबू, कवेलूंच्या ठेंगण्या कुटीतून देशाचं राजकारण चाललं. त्या कुटीपुढे या उंच कमानींचा अर्थ काय होतो, हा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्त आहे. 16 ऑगस्ट 1942 ला चिमूर आणि आष्टीत लोक सरकारच्या ठाण्यांवर चालून गेले तेव्हा तो राग दगड-विटांवर नव्हता, पण दगड-विटांच्या आडून जे राज्य चालत होतं त्यावर होता.

हे सगळं खरं मानूनही पाडण्याचा निष्कर्ष निघतो का? इंग्रज 1947 ला गेले. कचेरी पाडल्याने त्यांचं काय जाणार आहे? राज्यकर्त्यांची नावं गॅझेटियरमध्ये आहेत, कोनशिलांवर आहेत, लंडनच्या दप्तरखान्यात आहेत. ज्याने चुना दळला, ज्याने टाकी चालवली, ज्या बाईने डोक्यावर पाट्या वाहिल्या, त्यांची नावं कुठे आहेत? हजेरीपट कधीच वाळवीने खाल्ले असतील. त्यांचा उरलेला एकमेव पुरावा म्हणजे ते दगड. म्हणजे शिक्षा द्यायला निघालो राज्यकर्त्याला आणि पुसून टाकलं आपल्याच आजा-पणजाला. दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसाच्या यातनांची कोणाला खरोखर चाड असेल तर त्याच्या हातची वस्तू ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून गिट्टी म्हणून रस्त्यावर पसरायची, हा त्याचा मान कसा?

आणि सत्ता बदलली की इमारती पाडायच्या, ही रीत नेमकी कोणाची? 1818 नंतर सह्याद्रीतल्या किल्ल्यांचे दरवाजे आणि वाटा सुरुंग लावून कोणी उडवल्या? इंग्रजांना भीती होती की हे दगड उभे राहिले तर माणसं पुन्हा उभी राहतील. आपल्याला कसली भीती आहे? उलट आपल्याच मुलखात याहून शहाणी रीत होती. चंद्रपूरचा परकोट गोंड राजांनी बांधला. 1751 मध्ये चंद्रपूर भोसल्यांकडे गेलं, 1818 मध्ये इंग्रजी तोफांनी तटाला खिंडार पाडलं, 1854 पासून तिथे इंग्रजांचं राज्य आलं आणि मग आपलं. एवढ्या उलथापालथीत जटपुरा दरवाजा जागेवर राहिला आणि आजही त्यातून सायकली, ऑटो जातात. 2017 पासून तिथल्या तरुणांनी कित्येक महिने खपून तटावरची झाडंझुडपं आणि कचरा साफ केला. त्यांनी साफसफाईला हात घालण्याआधी कोणत्या काळात हा कोट कोणाच्या ताब्यात होता, याचा हिशेब मागितला नाही. तट चंद्रपूरचा आहे, एवढं त्यांना पुरेसं होतं.

शिवाय या कचेऱ्यांचा इतिहास एकट्या साहेबाचा नाही. जुलै 1930 मध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला, गवत कापून कायदा मोडला आणि अटक करून घेतली. त्या वर्षी वऱ्हाडात अशी कितीतरी माणसं पकडली गेली, आणि त्यांचे खटले चालले ते सरकारी कचेऱ्यांतच. जी पायरी माणसाला खाली पाहायला लावण्यासाठी बांधली होती, त्याच पायरीवर उभं राहून साध्या कास्तकाराने ‘होय, कापलं गवत’ असं मॅजिस्ट्रेटला सांगितलं असेल, तर त्या पायरीवर हक्क कोणाचा? माझ्या मते पहिला हक्क त्याचा.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, जिच्यावर माझा राग खरं तर जास्त आहे, कारण ती इमारत वाचवायला निघाली आहे आणि चुकीचं कारण देऊन तिचं नुकसान करते आहे. ‘इंग्रजांचं बांधकाम’ या दोन शब्दांत ती सगळं श्रेय देऊन मोकळी होते. डलहौसीच्याच काळात, 1854 मध्ये, सार्वजनिक बांधकाम खातं उभं राहिलं, हे खरं. नमुन्याचा नकाशा, अंदाजपत्रक, तपासणी, हिशेब ही शिस्त त्या खात्याने आणली आणि ती मोलाची होती. पण नकाशा कमान बांधत नाही. 1425 मध्ये गाविलगडाचं काम झालं तेव्हा कोणता इंग्रज इथे होता? नरनाळा किल्ल्याच्या महाकाली दरवाज्यावरची पांढऱ्या दगडातली कोरीव फुलं, लोणारच्या दैत्यसूदन मंदिराच्या भिंती, वैनगंगेकाठी मार्कंड्याला घडवलेल्या मूर्ती, गावोगावची चुन्याचा थेंब न वापरता दगडावर दगड बसवलेली हेमाडपंती देवळं: दगड कसा फोडायचा, कुठल्या अंगाने घालायचा आणि भार कुठे न्यायचा हे ज्ञान इथे शतकानुशतकं हातातून हातात येत होतं. बांधकाम खात्याने ते मजुरीवर घेतलं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचं नाव घेतलं की आर्किटेक्ट स्टीव्हन्स आठवतो. तिथलं पुष्कळसं नक्षीकाम मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे, हे फार थोड्यांना आठवतं. शहरात निदान एवढी नोंद तरी राहिली. तालुक्यात तीही नाही.

इंग्रजांच्या वेळी सगळंच भक्कम होत असे, हा समजही तपासावा. जे पडलं ते आपल्याला दिसत नाही. त्या काळातल्या किती शाळा, धर्मशाळा, पूल कोसळले आणि त्यांची जागाही आज ओळखू येत नाही, हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. उरलेल्या चांगल्या इमारतींवरून सगळ्या काळाचा न्याय करता येत नाही. म्हणूनच ही एक उरलेली इमारत मला मोलाची वाटते.

कौतुक करताना एक गोष्ट झाकू नये. वडार, बेलदार, सुतार, मजुरीला आलेले भूमिहीन, यांना त्या कामाचे पैसे किती मिळाले असतील आणि मानाने त्यांना किती वागवलं असेल याचा अंदाज करायला फार अक्कल लागत नाही. ज्यांनी ती पडवी बांधली त्यांच्यापैकी कित्येकांना नंतर त्याच पडवीत लांब उभं राहायला लावलं असेल. पण कारागिराला वाईट वागवलं म्हणून त्याच्या कारागिरीकडेही पाठ फिरवायची, ही दुसरी अवहेलना आहे.

सोयीचा मुद्दा मात्र सगळ्यात जड आहे आणि त्याला भावनेने उत्तर देता येत नाही. पावसाळ्यात छत गळतं. दप्तरातले बस्ते ओले होतात. बायकांसाठी धड स्वच्छतागृह नाही. काठी टेकत निराधार योजनेच्या कामाला आलेल्या म्हाताऱ्याला त्या उंच पायऱ्या चढवत नाहीत, आणि अपंग माणसाला चौघांनी उचलून वर न्यावं लागतं. जो माणूस हे पाहून ‘वारसा आहे, सहन करा’ म्हणतो त्याच्या पंगतीत मला बसायचं नाही. पण गळतं का, याचं उत्तर शोधा. फुटलेली कवेलू बदलायचं सोडून वर पत्रे ठोकले, पन्हाळी बुजल्या, भिंतीतून पिंपळ वाढू दिला. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा थापला, त्यामुळे आतली ओल बाहेर पडायची वाट बंद झाली आणि विटा भुसभुशीत होऊ लागल्या. वर्षानुवर्षं अशी हेळसांड करायची आणि मग ‘धोकादायक इमारत’ असा फलक लावायचा, यात इमारतीचा दोष काय? पायऱ्यांच्या बाजूने उतरती फरशी करता येते, मागच्या मोकळ्या आवारात स्वच्छतागृहं, सेतू केंद्र आणि कोरडी रेकॉर्ड रूम बांधता येते. नागपूरच्या उच्च न्यायालयाकडे पाहा. हेन्री मेड या आर्किटेक्टने आराखडा केलेली ती वालुकाश्माची इमारत 1940 मध्ये खुली झाली. खटले वाढले, वकील वाढले, म्हणून ती पाडली नाही. जोडीला नवी इमारत उभी केली आणि जुन्या घुमटाखाली न्यायदान चालू राहिलं. नागपूरला जे जमतं ते तालुक्याला का जमू नये? तिथे दाद मागायला मोठमोठे वकील होते, इथे नाहीत, याखेरीज मला दुसरं कारण दिसत नाही.

आणि सोय म्हणजे फक्त लिफ्ट नव्हे. मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा 45 अंशांच्या पुढे जातो. जुन्या कचेरीच्या अडीच फुटी भिंती दिवसभराचं ऊन आत यायला संध्याकाळ करतात, तोवर कामकाज संपलेलं असतं. तापलेली हवा वर चढून झरोक्यांतून निघून जाते. शेजारच्या तालुक्यातल्या नव्या इमारतीला दर्शनी बाजूला निळी काच आहे. दुपारी वीज गेली की तिथले कारकून खुर्च्या घेऊन बाहेर कडुनिंबाखाली येतात, आणि कामासाठी आलेल्या माणसाला सांगतात, लाइट आल्यावर या. तीस किलोमीटरवरून एसटीने आलेल्या बाईची सोय कुठल्या इमारतीत जास्त झाली?

राहिला पैशाचा प्रश्न. कास्तकार कर्जापायी जीव देत असताना दगडांवर खर्च कशाला, असं कोणी विचारलं की सगळे गप्प होतात. मीही त्या प्रश्नापुढे थांबतो. पण पाडून नवी बांधणं फुकट होतं का? दोन्हींकडे खर्च आहेच. फरक एवढा की नव्या बांधकामातला मोठा वाटा सिमेंट, सळ्या, काच यांच्यावर गावाबाहेर जातो आणि जुन्याच्या दुरुस्तीतला मोठा वाटा मजुरीचा, म्हणजे तो इथल्याच हातांत राहतो. चुन्याचं काम जाणणारे गवंडी आता थोडे उरलेत, हे खरं आहे. या एका कामावर दहा तरुण तयार झाले तर जिल्ह्यातल्या वाड्यांना, देवळांना, मशिदींना आणि बारवांना पुढची तीस वर्षं माणसं मिळतील.

लाकडाचंही पाहा. 2023 मध्ये दिल्लीत नवं संसद भवन उभं राहिलं तेव्हा सागवान नागपुरातून नेलं. अयोध्येच्या राममंदिरासाठी चंद्रपूर जिल्ह्यातून सागवान वाजतगाजत गेलं आणि आपल्याला अभिमान वाटला. तेच आलापल्ली-बल्लारपूरकडचं जंगल, त्याच जातीचं, शंभर वर्षं वाळून लोखंडासारखं झालेलं लाकूड आपल्या कचेरीच्या कैच्यांत आहे, आणि ते ‘जुना माल’ म्हणून ठेकेदाराच्या खात्यात जाणार आहे. अशी तुळई आज कितीही पैसे मोजून नव्याने मिळणार नाही.

नागपूरच्या महालात भोसल्यांचा वाडा होता, काळ्या दगडाचा, लाकडी कोरीव कामाने मढवलेला. 1864 मध्ये तो जळाला आणि नगारखान्याचा दरवाजा तेवढा मागे राहिला. ते अरिष्ट होतं, त्यावर कोणाचा इलाज नव्हता. इथे तसं काही नाही, इथे निर्णय आपल्या हातात आहे. राज्याचा प्राचीन स्मारकांचा कायदा 1960 चा आहे, मुंबईत 1995 पासून वारसा इमारतींची नियमावली आहे. पण तालुक्याची कचेरी सहसा कोणत्याच यादीत बसत नाही. ती ना राजवाडा, ना मंदिर, ना किल्ला. तिला वाचवायचं तर तिच्या पडवीत रोज उभं राहणाऱ्यांनीच बोलावं लागेल.

म्हणून मागणी एवढीच. निर्लेखनाचा, म्हणजे इमारत निकामी ठरवण्याचा, प्रस्ताव वर जाण्याआधी चुन्याच्या बांधकामाची माहिती असलेल्या अभियंत्याकडून इमारत तपासून घ्या, नुसत्या सिमेंटच्या कोष्टकावरून तिला नापास करू नका. तिची मोजमापं घेऊन नकाशे काढा. दुरुस्तीचं अंदाजपत्रक आणि नव्या इमारतीचं अंदाजपत्रक, दोन्ही शेजारी शेजारी कचेरीच्या फलकावर लावा, त्यात जुन्या सागवानाची किंमतही धरा. मागच्या आवाराची मोजणी करून तिथे किती खोल्या बसतात ते सांगा. पुढच्या सभेत मी हे लेखी देणार आहे. ज्यांना ती पाडायची आहे त्यांनीही आपली कारणं त्याच सभेत लेखी द्यावीत, आणि चौकटीवरच्या वेलबुट्टीचं काय करणार आहेत तेही त्यात लिहावं.